ज्या पाण्याला मुराळी आला नाही

भोळे बाईंच्या साठीनिमित्त गौरवग्रंथ निघतो आहे, त्यात तुम्हीही लिहा, असं सत्कार समितीने मला सांगितलं. मी म्हटलं, माझं शिक्षण चौथी, तेही सलग नाही. समितीचे सर म्हणाले, "लीलाबाई, बाईंबरोबर सगळ्यात जास्त तुम्हीच राहिलात. आदराने लिहा, थोडक्यात लिहा आणि कुणाशी भांडू नका." आदराने लिहिते आहे. बाकीचं जमेल तसं.

माझे मालक याच कॉलेजात शिपाई होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. भूशास्त्र विभागात पाठवलं. मी झाडू घेऊनच आत गेले. खिडकीजवळ एक बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. त्याच प्रा. डॉ. कालिंदी भोळे. त्यांनी मान वर न करता एक काचेची वाटी माझ्याकडे सरकवली. वाटीत काळपट हिरवा चिखल.

"हे धुवायचं," त्या म्हणाल्या.

"वाटी?"

"चिखल."

मला वाटलं, बाई माझी गंमत करतात. मी सरळ विचारलं, "चिखल धुतल्यावर काय उरतं?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "तेच बघायचा मला पगार मिळतो."

अशी आमची ओळख झाली. मलमलीपेक्षाही बारीक एक चाळणी होती. तिच्यावर चिखल घालायचा, पाण्याची बारीक धार सोडायची, बोट लावायचं नाही, घाई करायची नाही. माझ्यासारख्या बाईला घाई करू नको म्हणणं म्हणजे शिक्षाच. सगळा गाळ वाहून गेला की चाळणीवर चिमूटभर पांढरं उरायचं. ते वाळवून बाईंना द्यायचं. एकदा त्यांनी मला त्या काचेतून बघायला लावलं. बघते तर राजगिऱ्याच्या लाह्या. फुगलेल्या, गोल, कुणाला भोकं, कुणाला शेपूट. बाई म्हणाल्या, या लाह्या नाहीत, समुद्रातल्या बारक्या जिवांची घरं आहेत. जीव मरतो, घर तळाला बसतं, वर गाळ साचत जातो. काही जिवांना उबदार पाणी लागतं, काहींना गार चालतं. कोणत्या थरात कोण जास्त ते बघितलं, की त्या काळी समुद्र किती तापलेला होता ते कळतं.

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. धुतला मात्र पुष्कळ.

या ग्रंथात बाकीच्यांनी बाईंच्या साधेपणावर लिहिलं आहे, असं मला कळलं. साधेपणा कसला. त्यांना साडी घ्यायला जायला वेळ नव्हता. त्या यावल तालुक्यातल्या, केळीवाल्यांच्या घरातल्या. शिकायला पुण्याला गेल्या, मग समुद्रावर संशोधन करणाऱ्या जहाजावर गेल्या. त्या जहाजावरून लांब नळी समुद्राच्या तळात खुपसतात आणि आतला चिखल जसाच्या तसा वर काढतात. वरचा चिखल अलीकडचा, खालचा जुना. एका नळीतल्या चिखलाचे तुकडे बाईंच्या वाट्याला आले. तेवढ्यात आई अंथरुणाला खिळली म्हणून बाई जळगावला परत आल्या, कॉलेजात लागल्या. आई गेली. नंतर भाऊ आपापल्या संसाराला लागले. बाईंनी लग्न केलं नाही. पत्र्याच्या पेटीतला चिखल तेवढा त्यांच्याबरोबर राहिला.

कॉलेजातले लोक मागून हसायचे. "तापी सोडून समुद्र धुतात," म्हणायचे. एकदा एका सरांनी तोंडावर म्हटलं, "भोळे बाई, जळगावाला समुद्र कधी येणार?" बाई म्हणाल्या, "तुम्ही रिटायर झालात की." यातलं निम्मं त्यांनी गमतीत म्हटलं असेल, पण ते सर पुन्हा आमच्या खोलीत फिरकले नाहीत. तसंही कुणी फिरकत नव्हतं.

खरं काम चालायचं ते मे महिन्यात. कॉलेज रिकामं, पोरं नाहीत, तास नाहीत. बाहेर डांबर वितळतंय, खिडकीला वाळ्याचा पडदा, मी त्यावर पाणी मारतेय, आणि बाई मला बर्फाच्या काळाबद्दल सांगताहेत. उत्तरेकडे सगळं गोठलेलं होतं म्हणे. मी म्हणायची, "बाई, त्यातलं थोडं आता पाठवा." त्या हसायच्या नाहीत. काचेला डोळा लावला की त्यांना माणूस दिसत नसे. दोन माणसांच्या त्या खोलीत दुपारभर फक्त पाण्याची धार वाजायची.

आता बाईंचं काम काय होतं ते सांगते. मला कळलं तेवढंच सांगते. आणि मला ते माझ्या वडिलांमुळे कळलं.

माझं माहेर धुळ्याकडे, पांझरेच्या काठी, साक्री तालुक्यात. तिथं फडाचं पाणी. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि कुणाच्या वावरात कधी पाणी सोडायचं ते पाटकरी ठरवतो. माझे वडील नाना हे पाटकरी होते. आपल्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते, झोके घेते, गाणी म्हणते. ती आपली आपण जात नाही. माहेरचं माणूस घ्यायला यावं लागतं. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला तरच लेकीची पिशवी भरली जाते. नाना म्हातारे झाले तरी दर आखाजीला मुराळी म्हणून स्वतः यायचे.

एका वर्षी ते मला शोधत थेट आमच्या खोलीत आले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. नानांनी सगळीकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, आमनी लीला सांगस, समुद्रमा बी पाट शे. मंग त्यानं पानी कोन सोडस? पाटकरी कोन शे तठे?"

मला लाज वाटली. पण बाई खुर्ची ओढून नानांसमोर बसल्या. म्हणाल्या, "नाना, तिथं सोडणारा कुणी नाही. ओढणारा आहे. इकडे उन्हाच्या पट्ट्यात समुद्राचं पाणी तापतं. ते वरच्या वर उत्तरेला जातं. तिकडे त्याची ऊब वाऱ्याला जाते, पाणी गार होतं, खारं तर असतंच, मग जड होऊन खाली बुडतं आणि तळातून परत फिरतं. ते बुडतं म्हणून मागचं ओढलं जातं. तुम्ही जसे आज लेकीला न्यायला आलात ना, तसं. ते बुडणारं पाणी म्हणजे मुराळी."

नाना खूष झाले. "आनि मुराळी उना नही तं?"

"तेच तर मी शोधते," बाई म्हणाल्या. "जुन्या काळात तसं झालंय. उत्तरेचं बर्फ सुटलं, वितळलं, गोडं पाणी समुद्रावर पसरलं. गोडं पाणी हलकं, ते बुडेना. ओढ कमी झाली. मुराळी आलाच नाही. मग इकडचं तापलेलं पाणी कुठे जाणार? जिथल्या तिथं बसून राहिलं असेल."

नाना पाटकऱ्यासारखं बोलले. "पाट तुंबना का वरला वावर सडस."

"माझंही तेच म्हणणं आहे, नाना. उत्तर गारठली तेव्हा आपल्याकडचा समुद्र उलटा तापला असणार."

एस. टी. स्टँडवर जाताना नाना म्हणाले, "तुनी बाई गह्यरी हुशार शे. पन तिले लेवाले कोन येस?" बाईंना घ्यायला कोण येतं? मी म्हटलं, कुणी नाही.

ते तापलेलं पाणी आमच्या चिखलात सापडतं का, हे बघण्यात पुढची कित्येक वर्षं गेली. थरांची वयं बाहेरून ठरवून आणली होती. जो थर मुराळी न येण्याच्या काळातला, त्यात उबेच्या लाह्या वाढलेल्या दिसल्या की बाईंचं म्हणणं खरं. पुण्याला मोठा परिसंवाद ठरला, बाईंचं नाव छापून आलं, विषयही छापून आला: त्या काळी आपला समुद्र तापला. आणि जायच्या आधी शेवटचे तुकडे मी धुऊन दिले, ते बाईंनी दोन दिवस पुन्हा पुन्हा मोजले. उबेच्या लाह्या त्या थरात वाढल्या नव्हत्या. कमी झाल्या होत्या. समुद्र तापला नव्हता, गार झाला होता.

मी त्यांच्याबरोबर पुण्याला गेले होते, स्लाइडांची पेटी सांभाळायला. सगळं इंग्रजीत. मला कळलं नाही, पण मागच्या रांगेत कुजबुज झाली ती कळली. परतीच्या गाडीत बाई म्हणाल्या, "लीला, आज मी माझं चुकलं असं सांगून आले."

मी म्हटलं, "एवढं सांगायला पुण्याला कशाला यायचं? घरून पोस्टकार्ड टाकायचं."

त्या खूप हसल्या. पहिल्यांदाच इतक्या हसलेल्या बघितल्या. मग समजावून सांगू लागल्या. जिथं हा पाट वाहतो त्या दूरच्या महासागरात गरम पाणी मागे साचलं असेल, तिथं ते म्हणणं लागू पडेल. आपला अरबी समुद्र वेगळ्या अंगणात आहे. उत्तर गारठली तशी आपल्याकडे गार, कोरडी हवा आली असेल, पावसाळी वारं मंदावलं असेल. समुद्रातली ओढ तुटली तर सगळ्या घरी सारखंच होत नाही. "पण हे एका नळीवरून म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या. "आणखी दक्षिणेकडची दुसरी नळी हवी."

विषय छापलेला असताना उलटं बोलणारी बाई कुणाला आवडते? पुढच्या वेळी बोलावणं आलं नाही. एक हुशार मुलगी बाईंकडे पीएच. डी. करत होती, ती विषय बदलून दुसरीकडे गेली. जाताना पाया पडली. बाईंनी तिला आपलं चांगलं भिंग दिलं. मी चिडले. म्हटलं, जाणारीला कशाला? बाई म्हणाल्या, "तिला तिकडेही बघायला लागेलच ना."

त्यांचा दुसरा एक किस्सा सांगितला पाहिजे, कारण यावल-रावेरकडे तो उलटा करून सांगतात. तिकडे केळीला पाणी लागतं आणि विहिरी खोल खोल जायला लागल्या. हातावर नारळ घेऊन जमिनीखालचं पाणी शोधत फिरणारे पाणाडे तिकडे पुष्कळ. कुणीतरी उठवलं की भोळ्यांची कालिंदी पाण्याचं शिकली आहे, तिला तळाचं दिसतं. झालं. एक दिवस बाईंच्या नात्यातले एक भाऊ जीप घेऊन आले, केळीचा घड आणि सोललेला नारळ घेऊन. नारळ बाईंच्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "चाल वं कालिंदी, आपल्या मळ्यात फिर. नारळ जिथं उभा राहील तिथं बोअर घेतो."

बाई म्हणाल्या, "भाऊ, मला जमिनीखालचं पाणी दिसत नाही. माझा विषय समुद्र आहे."

"काय बोलते वं? हजारो वर्षांपूर्वीचं समुद्राचं दिसतं आणि माझ्या विहिरीचं नाही दिसत?"

"नाही दिसत."

भाऊंना वाटलं, मान कमी पडला. पुढच्या वेळी शालू घेऊन आले. बाईंनी तोही परत केला. शेवटी एका रविवारी त्या खरंच मळ्यात गेल्या, नारळ न घेता. विहिरीत उतरल्या, दगड बघितला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की आणखी खोल जाल तर दुसऱ्याची विहीर कोरडी कराल, त्यापेक्षा नाल्याला बांध घाला. कुणाला आवडलं नाही. बाईंना पाणी दिसतं पण त्या गावाला सांगत नाहीत, असं आजही तिकडे म्हणतात. खोटं आहे. नारळ हातावर घेऊन फिरल्या असत्या तर गावाने डोक्यावर घेतलं असतं. त्यांना दिसत नव्हतं म्हणून त्यांनी दिसत नाही म्हटलं. पुण्यातही तेच केलं, मळ्यातही तेच.

नाना गेले त्याच्या पुढच्या आखाजीला मला मुराळी आला नाही. भाऊ सुरतेला, त्याला सुट्टी नाही. मी सकाळी नेहमीसारखी कामावर आले. कॉलेजला सुट्टी, पण बाई होत्याच. त्यांना तर किती वर्षांपासून कुणी न्यायला येत नव्हतं. मी चाळणी लावली, धार सोडली. लांबून कुठूनतरी झोक्यावरची गाणी ऐकू येत होती. माझे हात थांबले असतील.

बाई उठल्या. नळ बंद केला. म्हणाल्या, "दोर कुठे आहे?"

"कसला दोर?"

"पेट्या बांधायचा. आण."

कॉलेजमागच्या निंबाला आम्ही झोका बांधला. गाठ बाईंनी मारली. जहाजावर शिकलेली, म्हणाल्या. आधी मला बसवलं, मग स्वतः बसल्या. पांढरे केस झालेल्या, चष्मा लावलेल्या भोळे बाई भर उन्हात झोका घेत होत्या. वॉचमन बघत उभा राहिला. म्हणाला, "लीलाबाई, आज काय विशेष?" मी म्हटलं, "डोळे मिट आणि फाटकावर जा." गाणं मला आठवत होतं, पण म्हणावंसं वाटेना. बाईंना येत नव्हतं. म्हणून आम्ही गाण्याशिवायच झोका घेतला. डब्यातल्या सांजोऱ्या खाल्ल्या. मग आत जाऊन मी राहिलेला तुकडा धुतला. त्या दिवशी बाई मला एवढंच म्हणाल्या, "मुराळी आला नाही तर पाणी तापतंच असं नाही, लीला. कधी कधी गारठतं."

त्यांनी माझ्या मुलीच्या लग्नात काय केलं, माझ्या आजारपणात रोज डबा कसा पाठवला, हे त्यांना सांगितलेलं आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

दुसरी नळी आली. बाईंनी किती वर्षं मागितली, किती लोकांनी बघू म्हटलं, ते जाऊ द्या. आली ती त्यांच्या निवृत्तीला थोडे महिने उरलेले असताना. पत्र्याच्या दोन पेट्या, बाईंच्या नावाने. आम्ही धुवायला लागलो. निम्मीसुद्धा झालेली नाही. जो थर हवा आहे तो अजून खाली आहे. तिथवर पोचलं की कळेल, आपला समुद्र खरंच गारठला होता का, की पहिल्या नळीनेच आम्हाला फसवलं. बाईंचं पुण्यात बोललेलं बरोबर होतं का, हेही तेव्हाच कळेल.

आणि निवृत्तीनंतर त्या खोलीत कॉम्प्युटरचा वर्ग होणार आहे. भिंतीला रंगही ठरला आहे. पेट्यांचं काय, असं मी विचारलं तर एकजण म्हणाले, "मातीच आहे ना? बागेत टाकू, गुलाबाला चांगली." ते या ग्रंथाच्या समितीवर आहेत. नाव लिहीत नाही. भांडू नका असं मला सांगितलेलं आहे.

पेट्या माझ्या घरी आणल्या आहेत. बाईंच्या नावावरच्या आहेत, त्यांना विचारून आणल्या. माझ्या खाटेखाली, ओल्या पोत्याखाली, गारव्याला. चाळणी बाईंची स्वतःची आहे. पाण्याची धार माझ्याही घरी येते, सकाळी तासभर. नाही ते फक्त बघायचं यंत्र. आमच्या खोलीतला तो जुना सूक्ष्मदर्शक, ज्याचा एक स्क्रू मी दोऱ्याने बांधला आहे, तो कॉलेजचा आहे. नवा आल्यापासून पोरं त्याला हात लावत नाहीत. यादीतून काढून भंगारात जाणार आहे.

तर समितीला माझी विनंती आहे. सत्काराला बाईंना शाल देणार, असं कळलं. जळगावात, भर उन्हाळ्यात, शाल. ती राहू द्या. मानपत्र वाचा हवं तर. पण शालीच्या जागी तो सूक्ष्मदर्शक बाईंच्या हातात द्या. भाषणं करणाऱ्या सगळ्यांनी बाईंच्या संशोधनाचा अभिमान वाटतो असं म्हणायचं ठरवलं आहे. अभिमान वाटत असेल तर एवढं करा. जमलं तर एखाद्या मुलीला किंवा मुलालाही सांगा की भोळे बाईंच्या घरी जाऊन बघायला शिक. त्या रागावतात, पण शिकवतात.

बाई हे वाचून माझ्यावर चिडतील. म्हणतील, माझ्यासाठी मागायला तुला कुणी सांगितलं? कुणी नाही सांगितलं. नानांनी विचारलं होतं, तिला न्यायला कोण येतं, आणि तेव्हा मी कुणी नाही म्हणाले होते. तेच उत्तर मला आता बदलायचं आहे.

सत्कारानंतर आठवड्याने आखाजी आहे. मी तुम्हाला घ्यायला येणार आहे, बाई. बाईमाणूस मुराळी होत नाही असं म्हणतात. म्हणू द्या. पांझरेकाठचं नानांचं घर बंद असतं, किल्ली माझ्याकडे आहे. दारात निंब आहे. पेट्यांतले थोडे तुकडे बरोबर घेऊ, यंत्र मिळालं तर ते मी एस. टी.त मांडीवर धरेन. पाट घराला लागून आहे, पाण्याला तोटा नाही. पिशवी भरून ठेवा.

साठीच्या माणसाला शंभर वर्षं जगा म्हणायची रीत आहे. मी तसं मोजून म्हणत नाही. दुसऱ्या नळीच्या तळापर्यंतचा चिखल धुऊन होईल, त्यात काय निघालं ते तुम्ही बघाल, आणि मग मला खुर्ची देऊन, नानांना सांगितलं तसं समजावून सांगाल, तिथवर तुमचे डोळे आणि तब्येत ठणठणीत राहो. धुवायचं काम माझ्याकडे आहे. ते मी सावकाश करणार आहे.

— लीला पवार
प्रयोगशाळा परिचर, भूशास्त्र विभाग